पिकअपची डिस्क घ्यायची? आधी आरसी बुक उघडा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं मशीन शॉप आहे. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग येतं, आमच्याकडे बोअरिंग-ड्रिलिंग होतं आणि माल पुढे जातो. हे येणं-जाणं बरीच वर्षं आमच्याच पिकअपवर चाललंय. दिवसभर धातू हाताळणारी माणसं आम्ही, तरी डिस्कच्या, म्हणजे टायरच्या आतल्या धातूच्या चाकाच्या, बाबतीत मी एकदा सपशेल फसलो.

जुन्या डिस्क गंजल्या होत्या. एका दुकानात काळी चकचकीत अलॉय दिसली. पाठीमागे १४०० असा आकडा कोरलेला होता. दुकानदार म्हणाला, "चौदाशेचं आहे, बिनधास्त घाला." मी घातली. चौथ्या महिन्यात गगनबावड्याहून परत येताना मागच्या डाव्या चाकाची हवा सारखी उतरायला लागली. पंक्चरवाल्यानं टायर पाण्यात बुडवला, पंक्चर कुठंच नाही. चाक पुसून उन्हात धरलं तेव्हा नटाच्या भोकापासून स्पोककडे गेलेली केसाएवढी चीर दिसली आणि आतल्या कडेला दुसरी. तो १४०० आकडा किलोचा नव्हता, पौंडाचा होता. १४०० पौंड म्हणजे ६३५ किलो. माझ्या मागच्या एका चाकावर भरल्या गाडीत साडेनऊशे किलो पडत होते.

म्हणून हा लेख डिझाईनपासून सुरू होत नाही. पहिल्यांदाच पिकअप घेतलेल्या आणि डिस्क बदलायच्या विचारात असलेल्या माणसानं कोणत्या क्रमानं जावं, तेवढं सांगतो. आपल्याकडे लोखंडी चाकाला 'डिस्क' आणि ॲल्युमिनियमच्या चाकाला 'अलॉय' किंवा 'मॅगव्हील' म्हणतात, तेच शब्द इथं वापरलेत; नुसतं 'डिस्क' म्हटलं तिथं दोन्ही धरा.

पहिलं काम: एका चाकावर किती वजन येतं ते काढा

मालवाहू गाडीच्या आरसीत एकूण भाराबरोबर प्रत्येक एक्सलचं वजनही नोंदलेलं असतं. स्मार्ट कार्डावर सापडलं नाही तर चेसिसवरची कंपनीची प्लेट किंवा मॅन्युअल पाहा. मागच्या एक्सलचा आकडा घ्या आणि दोननं भागा. समजा तो २,००० किलो असेल, तर एका चाकावर १,००० किलो. पिकअपचा हौदा मागच्या एक्सलवरच बसलेला असतो, त्यामुळे मालाचा बहुतेक भार तिकडेच जातो. पुढच्या चाकांचा हिशोब करून डिस्क घेऊ नका.

आता खरं बोलू. कागदावरचं वजन आणि हौद्यातलं वजन यांचं आपल्याकडे फारसं पटत नाही. ३० किलोचे गुळाचे पन्नास रवे म्हणजे दीड टन, आणि वर "एवढे पाच-सहा घे की" म्हणणारा व्यापारी असतोच. तुमची गाडी प्रत्यक्षात किती ओढते हे कळायचं असेल तर भरल्या गाडीची फक्त मागची चाकं वजनकाट्यावर चढवून पावती घ्या. त्या पावतीत आकडा आरसीपेक्षा मोठा आला तर त्याला डिस्क हे उत्तर नाही. एक्सल, पाटे, ब्रेक यातलं काहीच त्या वजनासाठी बनवलेलं नसतं. माल कमी करा.

निघालेल्या आकड्यावर मी दहा-पंधरा टक्के वाढवतो. घाटाच्या वळणावर बाहेरच्या चाकावर वजन कलंडतं, खड्ड्यात आपटताना तर क्षणभर कितीतरी जास्त पडतं. हजार किलो हवे असतील तर मी अकराशेच्या खालची डिस्क हातात घेत नाही.

टायरचंही याच वेळी बघून घ्या. टायरच्या बाजूला आकारानंतर एक लोड इंडेक्स छापलेला असतो: १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,०००, ११२ म्हणजे १,१२०. डिस्क दणकट आणि टायर कारचा, असला जोड बसवून उपयोग नाही.

दुसरं: डिस्कची पाठ वाचायला शिका

दुकानदार डिस्कचं तोंड दाखवतो. तुम्ही ती उलटी करा. पाठीवर, बहुधा स्पोकच्या मागे किंवा नटांच्या भोकांजवळ, आकडे असतात.

'६ जे × १५ एच२ ईटी ३०' असं काही असेल तर ६ ही इंचात रुंदी, १५ हा इंचात व्यास. 'जे' हा कडेचा आकार. 'एच२' म्हणजे टायरचा बीड (टायरची आतली जाड कड) जिथं बसतो तिथं दोन्ही बाजूंना उठाव आहे; हवा कमी झाली तरी ट्यूबलेस टायरचा बीड आत घसरू नये म्हणून तो असतो. ट्यूबच्या जुन्या डिस्कला हा उठाव नसतो. त्यावर ट्यूबलेस टायर चढवून "चालतंय की" म्हणणारे भेटतील. वळणावर हवा एकदम गेली की काय चालतंय ते कळतं.

'ईटी ३०' हा ऑफसेट, आणि लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथं. डिस्क हबला (एक्सलच्या टोकाचा, चाक ज्यावर बसतं तो भाग) जिथं टेकते ती पाठ आणि चाकाच्या रुंदीचा मध्य यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट, मिलिमीटरमध्ये. आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर. ६ जे ईटी ३० काढून कुणी ७ जे ईटी १५ घातली तर बाहेरची कड किती सरकते बघा: रुंदी एक इंचानं वाढली, त्यातला अर्धा इंच बाहेर, म्हणजे १२.७ मिमी, ऑफसेट १५ नं कमी झाला, म्हणजे आणखी १५. एकूण जवळपास २८ मिमी एका बाजूला. गाडी रुबाबदार दिसते, मान्य. पण तेवढ्या लांबून भार बेरिंगवर येतो, जसा लांब दांडीच्या पान्यानं नटावर येतो तसा. पुढच्या बाजूला स्टिअरिंग खड्ड्यात ओढायला लागतं, चिखल मडगार्डच्या बाहेर उडून दारावर येतो. आमच्या ओळखीच्या एकानं मधे स्पेसर घालून हेच केलं आणि वर्षभरात दोनदा बेरिंग बदलली. कंपनीच्या ऑफसेटच्या पाच मिमी इकडे-तिकडे राहा, त्यापुढे जाऊ नका.

पीसीडी म्हणजे नटांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. ६ × १३९.७ म्हणजे सहा नट, १३९.७ मिमीचं वर्तुळ. हायलक्स आणि डी-मॅक्स या दोन्ही पिकअपना हाच पीसीडी आहे. हा विचित्र आकडा म्हणजे साडेपाच इंच, आणि ११४.३ म्हणजे साडेचार. आपल्या गाडीचा मोजायचा असेल तर व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, घ्या. सहा नट असतील तर समोरासमोरच्या दोन केंद्रांमधलं अंतर हाच पीसीडी. पाच नटांना समोरासमोर जोडी नसते, म्हणून शेजारच्या दोन केंद्रांमधलं अंतर मोजून १.७०१ नं गुणा. ८२.१ मिमी आलं तर १३९.७. "एक मिलिमीटरनं काय होतंय, नट ओढून घेतंय" असं कुणी म्हणालं तर दुकान बदला. नट ओढून घेतो म्हणजे स्टड, ज्यावर नट चढतो तो बोल्ट, वाकवतो, आणि वाकलेला स्टड पुढे कधी तुटायचा ते आपल्याला विचारून तुटत नाही.

मधलं भोक, म्हणजे सेंटर बोअर, हबच्या उंचवट्यावर नेमकं बसायला हवं. हायलक्सचं ते १०६.१ मिमी. बाजारातल्या अलॉयचं भोक बहुधा मुद्दाम मोठं ठेवतात, म्हणजे एकच चाक अनेक गाड्यांना बसवून विकता येतं. मग फट भरायला रिंग देतात. प्लॅस्टिकची रिंग घाटात ब्रेक तापले की मऊ पडते. ॲल्युमिनियमची मागा. न मिळाल्यास उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडे हबचं आणि भोकाचं माप घेऊन जा, तासाभराचं काम. कोल्हापुरात राहायचा हा एक फायदा.

आणि लोडचा आकडा. 'मॅक्स लोड' च्या पुढे केजी आहे की एलबी, हे दोनदा वाचा. एलबी असेल तर २.२ नं भागा. आकडाच कोरलेला नसेल तर ती डिस्क कितीही सुंदर असो, भिंतीला टांगायला घ्या.

जपानी पद्धतीच्या चाकांवर जेडब्ल्यूएल हा शिक्का दिसतो, तो हलक्या मिश्रधातूच्या चाकांच्या मानकाचा. पिकअपसाठी शोधायचा तो जेडब्ल्यूएल-टी. 'टी' म्हणजे ट्रक-बससाठीचा. शेजारी व्हीआयए असेल तर आणखी चांगलं, कारण जेडब्ल्यूएलचा शिक्का चाक बनवणारा स्वतःच मारतो आणि व्हीआयएची नोंदणी तिसरी संस्था करते. आपल्याकडे अशा चाकांसाठी एआयएस-०७३ हे मानक आहे. या चाचण्यांत साधारण तीन गोष्टी बघतात: वळणाचा ताण देत चाक लाखो वेळा फिरवणं, वरून भार देऊन पळवणं आणि चाक तिरकं ठेवून त्याच्या कडेवर वजन टाकणं. शिक्का बनावटही मारता येतो, तेव्हा बिल पक्कं घ्या आणि बिलावर मॉडेल व लोड लिहून घ्या.

लोखंडी की अलॉय?

माझं मत आधीच सांगतो. गाडी माल वाहत असेल तर लोखंडी डिस्क, तीही शक्यतो गाडीच्या कंपनीची किंवा त्यांना पुरवठा करणाऱ्याची. गाडी घरची, फिरायची, कधीतरी हौद्यात चार पोती असतील तर अलॉय खुशाल घ्या.

कारण ताकदीचं नाही, चांगली अलॉय ताकदीला कमी नसते. कारण मोडण्याच्या पद्धतीत आहे. लोखंडी डिस्क खड्ड्यात आपटली की वाकते, टायर कडेनं हवा सोडतो, स्टिअरिंग थरथरतं, तुम्हाला कळतं. अलॉय बऱ्याचदा वाकण्याऐवजी चिरते आणि चीर पाठीमागे असते, जिथं कुणी बघत नाही. लोखंडी कड गावातला कुठलाही मिस्त्री ठोकून पुढच्या गावापर्यंत पोहोचण्याइतकी सरळ करतो. वैभववाडीच्या उतारावर रात्री दहा वाजता तुम्हाला अलॉय दुरुस्त करणारा कोण भेटणार?

लोखंडीचं दुखणं गंज. पावसाळ्यात गगनबावड्याचा पाऊस, खाली उतरलं की कोकणातली खारी हवा. वर्षातून एकदा टायर काढून बीडची जागा वायर ब्रशनं घासा, प्राइमर मारा आणि पातळ रंग. जाड रंग हबला टेकणाऱ्या पाठीवर किंवा नटाच्या बैठकीवर कधीच नाही. तो दबतो आणि नट सैल पडतात.

अलॉय घ्यायचीच ठरली तर ती कशी बनली हे विचारा. इथं माझ्यातला फौंड्रीवाल्यांच्या शेजारी वाढलेला माणूस जागा होतो, थोडं सहन करा. बहुतेक अलॉय ए३५६ नावाच्या ॲल्युमिनियम-सिलिकॉन-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत ओततात. साधी ओतीव म्हणजे साच्यात आपल्या वजनानं रस उतरतो. लो-प्रेशरमध्ये खालून दाबानं भरतो, त्यामुळे आत हवेचे बुडबुडे कमी. फ्लो-फॉर्ममध्ये ओतलेल्या चाकाची कड गरम करून रोलरनं दाबत ताणतात, कड पातळ पण चिवट होते. फोर्ज्डमध्ये ओतणंच नाही, गठ्ठा प्रचंड दाबानं घडवतात. सर्वांत मजबूत, आणि किंमत ऐकून माणूस चहा मागवतो. पिकअपला लो-प्रेशर किंवा फ्लो-फॉर्म पुरेशी आहे, लोड रेटिंग जुळत असेल तर.

ओतल्यानंतर चाकाला उष्णतेचा संस्कार देतात, त्याला टी६ म्हणतात. सुमारे ५४० अंशांपर्यंत तापवायचं, झटकन थंड करायचं, मग दीडशेच्या आसपास काही तास ठेवायचं. चाकाची खरी ताकद इथून येते. म्हणून अलॉय 'गॅस मारून सरळ' करणाऱ्यापासून लांब राहा. ज्योत लागली तिथला टी६ संपला. चीर वेल्डिंगनं भरलेल्या चाकाचंही तेच. वरून रंग मारला की दिसायला नवीन, आणि जुन्या बाजारात असली चाकं स्वस्तात मिळतात ती याचमुळे.

मोठ्या व्यासाचा मोह होतो, त्याबद्दल एकच हिशोब. २१५/७५ आर१५ टायरची उंची साधारण ७०३ मिमी आणि बाजूची भिंत १६१ मिमी. १७ इंची डिस्कवर २३५/६० घातला तर एकूण उंची ७१४, म्हणजे दीड टक्का जास्त, स्पीडोमीटरला फार फरक नाही. पण भिंत १४१ वर आली. खड्ड्यात डिस्कला वाचवते ती हीच भिंत. ऊसगाड्यांनी फोडलेल्या रस्त्यावर फिरणाऱ्यानं हे २० मिमी फुकट घालवू नयेत.

दुकानात

जमिनीवर ठेवून गोल फिरवून बघणं म्हणजे काहीच बघणं नाही. बॅलन्सिंग मशीनवर रिकामी डिस्क लावायला सांगा आणि कडेजवळ स्क्रू-ड्रायव्हरचं टोक स्थिर धरा. फट कमी-जास्त होत असेल तर डिस्क वाकडी. आमच्या शॉपवर आम्ही डायल, म्हणजे कड किती हलते ते काट्यावर दाखवणारं माप, लावतो. कड अर्धा-पाऊण मिमी हलली तर चालवून घेतो, एकच्या पुढे गेली की परत. जुनी अलॉय असेल तर डाय पेनिट्रंटचा स्प्रे मारा. लाल रंग, पुसा, मग पांढरा डेव्हलपर. चीर असेल तर लाल रेघ उमटते. फौंड्रीत हे रोजचं असतं, ओळखीत कुणाकडे तरी डबा सापडेलच.

पुढच्या चाकाला एक डिस्क टायर न लावता बसवून हातानं फिरवा. ब्रेक कॅलिपर (ब्रेकची पकड) आणि चाकाची डिस्क यांत बोट जाईल एवढी तरी जागा हवी, कारण बॅलन्सिंगची वजनं आतून चिकटवतात. मग टायरसह स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, शक्यतो हौद्यात थोडा माल असताना. रिकाम्या गाडीला न घासणारं चाक भरल्यावर घासतं.

व्हॉल्वकडे कुणी लक्ष देत नाही. कारचा साधा रबरी व्हॉल्व, टीआर ४१३, ६५ पीएसआयपर्यंतच चालतो. पिकअपच्या मागच्या चाकाला भरल्या मालाला त्याच्या आसपास हवा लागत असेल तर नट लावून आवळायचा धातूचा व्हॉल्व घ्या. शंभर-दीडशे रुपयांत घासाघीस करू नका.

बसवताना

नटाची बैठक तीन प्रकारची असते: ६० अंशांचा कोन, गोलाकार आणि सपाट वॉशरची. जुने नट नव्या डिस्कला आपोआप जुळत नाहीत. कोनाचा नट गोल बैठकीत बसवला तर तो फक्त एका रेघेवर टेकतो आणि पाचशे किलोमीटरमध्ये सैल होतो. अलॉयचा हबजवळचा भाग जाड असतो, त्यामुळे स्टड आखूड पडू शकतो. साधा नियम: स्टड १२ मिमीचा आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) दीड मिमीचा असेल तर नट हातानं किमान आठ आटे चढला पाहिजे. कमी चढला तर लांब स्टड घालून घ्या.

हबची पाठ घासून गंज काढा. नट सगळे हातानं लावा, मग जॅकवरच असताना समोरासमोरच्या क्रमानं हलके आवळा आणि चाक जमिनीला टेकवून टॉर्क रेंचनं, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणाऱ्या पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्याला थांबा. हवेच्या गननं शेवटपर्यंत आवळणाऱ्याला मी थांबवतो, तो दुखावतो, तरी थांबवतो. गन किती आवळते हे गनलाही माहीत नसतं. स्टडला ग्रीस लावू नका. ग्रीसनं तोच टॉर्क जास्त ताण देतो.

पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की पुन्हा टॉर्क तपासा. आमच्याकडे हिशोब सोपा: कागलच्या दोन फेऱ्या मारून आलं की तपासणी.

पहिल्या पावसात

अलॉयच्या स्पोकमागे काळ्या मातीचा चिखल भरतो, सुकतो, आणि गाडी साठच्या पुढे थरथरायला लागते. लोक लगेच बॅलन्सिंगला पळतात. आधी चाकं आतून धुवा. निम्म्या वेळा थरथर तिथंच जाते. पुराच्या पाण्यातून गाडी गेली असेल, २०१९ आणि २०२१ मध्ये आपण सगळ्यांनी ते पाहिलंय, तर चाकं काढून हबचं ग्रीस बघा. पाणी शिरलं की ते दुधी होतं.

कागदाचं राहिलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतल्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मूळ मापाच्या, बॉडीबाहेर न येणाऱ्या डिस्कला सहसा अडचण येत नाही. टायरचं माप बदललं किंवा चाक बाहेर आलं तर पासिंगला अडकाल. विमा कंपनीला अलॉयची लेखी माहिती द्या आणि बिलाची प्रत जोडा.

शेवटी स्टेपनी. चार अलॉय घेताना पाचवी कुणी घेत नाही, स्टेपनीला जुनी लोखंडी राहते. हरकत नाही, पण तिचा व्यास, ऑफसेट आणि टायरचं माप जुळतंय का बघा, आणि मुख्य म्हणजे अलॉयचे नट त्या लोखंडी डिस्कला बसतीलच असं नाही. माझ्या गाडीत सीटखाली भडंगाच्या रिकाम्या डब्यात जुन्या डिस्कचे सहा नट तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेत. अलॉय काढून टाकल्या तेव्हापासून त्यांची गरज उरली नाही, पण डबा अजून तिथंच आहे.